पायथ्याचं पाणी

तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, पायथ्याशी पाणी झिरपतं, हे धनीरामला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यात कुणाला सांगावं असं काही नव्हतं. मातीची पाळ म्हटली की थोडी पाझरणारच. चार वर्षं तो रोज सकाळी काठी घेऊन पायथ्याच्या कडेनं चालत होता, ओलीत पाय बुडवून बघत होता आणि ओल जिथल्या तिथे आहे एवढी खात्री करून चहाला वर जात होता.

तलाव भूषणभाऊंचा. आंबागडच्या डोंगरातून उतरणारा नाला त्यांच्या वडिलांनी ट्रॅक्टर लावून अडवला, तेव्हा त्यात मासे सोडायचा विचार होता. वडील गेले, तुमसरातलं लुगड्यांचं दुकान मोठ्या भावाकडे गेलं आणि तलाव भूषणभाऊंच्या वाट्याला आला. त्यांनी काठावर आठ खोल्या बांधल्या, हंसाच्या आकाराच्या चार बोटी आणल्या, पाळीवर फरशी घालून रंगीत दिवे लावले आणि फाटकावर ‘निळाई जलविहार’ अशी पाटी ठोकली. गावात निळाई कुणी म्हणत नव्हतं. गाव म्हणायचं, शेठचा तलाव.

धनीराम तिथे चौकीदार होता. त्याची बायको कुंताबाई शनिवार-रविवार पाहुण्यांची भांडी घासायची. मुलगी करुणा बी.ए. होऊन तिथेच काउंटरवर बसायची आणि खोल्यांचं बुकिंग लिहायची. एका घरातली तीन माणसं एकाच फाटकातून कामाला जातात म्हणून गावातले काही लोक जळायचे. जळण्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. दुसरं काम होतंच कुठे?

धनीरामचा बाप गावच्या जुन्या तलावाचं पाणी वाटायचा. तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, कधी उघडायचं, कुणाच्या शेताला किती वेळ द्यायचं, हे सगळं त्याच्या शब्दावर चालायचं. पुढे तलाव गाळानं भरला आणि बापाच्या शब्दाला कुणी विचारेनासं झालं. धनीरामनं आयुष्यात कुणाला थेंबभर पाणी वाटलं नव्हतं. पण एक गोष्ट त्याला लहानपणापासून माहीत होती. पाळीच्या पायथ्याला झिरपतं ते पाणी खालच्या शेताचं. त्यासाठी कुणाला विचारायचं नसतं. पायथ्याशी डबरं खोदायचं, पाणी साचू द्यायचं आणि शेताला न्यायचं. बापाच्या तलावाखाली सगळे तसंच करत.

यंदा जुलैत पावसानं दडी मारली. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, रोवणीला आले आणि जागच्या जागी पिवळे पडायला लागले. धनीरामची एक एकराची बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, शेठच्या तलावाच्या अगदी खाली, पायथ्याला लागून. वर जूनच्या पावसाचं पाणी तुडुंब, त्यात हंस फिरताहेत, आणि खाली पऱ्हे वाळताहेत. कुंताबाईनं एक पान तोडून बोटांत चोळलं, ते कागदासारखं चुरलं. तिनं तो चुरा नवऱ्याच्या हातात दिला.

दोघांनी मिळून डबरं खोदलं. गुडघाभर खोल. पाणी आलं, पण फार सावकाश. संध्याकाळपर्यंत दोन घमेली. तेव्हा धनीरामला कारंज्याच्या कामातून उरलेला काळा पाइप आठवला. स्टोअरची किल्ली करुणाकडे होती. तिनं कशाला म्हणून विचारलं, बापानं शेताला म्हणून सांगितलं, तिनं किल्ली दिली. त्यानं पाइपाचं टोक तासून अणकुचीदार केलं, त्याला भोकं पाडली आणि सगळ्यात जास्त ओल होती तिथे घणानं पाळीत ठोकला. पाच हात आत. बापानं असं कधी केलं नव्हतं. बाप फक्त खोदायचा. पण बापाकडे पाइप नव्हता.

करंगळीएवढी धार लागली. दुसऱ्या दिवशी अंगठ्याएवढी झाली. पाणी स्वच्छ, थंड, पिण्यासारखं. आठवड्यात पऱ्ह्यांनी रंग धरला.

धार लागल्याच्या तिसऱ्या दिवशीच शेजारच्या बांधीवाली ताराबाई धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर, येऊन उभी राहिली. पदर तोंडाशी धरून म्हणाली, “धनीरामभाऊ, आमाले बी एक बारी द्या ना जी. पोरासारखे वाढवले पऱ्हे, डोळ्यांदेखत मरून रायले.”

धनीरामनं तिला दोन तासांची बारी दिली. मग आणखी चौघी आल्या. त्यानं सगळ्यांच्या बाऱ्या लावल्या. तो पायथ्याच्या दगडावर मनगटातलं घड्याळ बघत बसायचा आणि वेळ झाली की पाटातली माती फावड्यानं इकडची तिकडे करायचा. बाया ‘भाऊ’ म्हणून विचारायच्या, तो हात वर करून ‘हो’ म्हणायचा. त्याला बरं वाटलं. इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. भूषणभाऊ पाळीच्या मागे कधी उतरत नसत आणि पाहुणे पाण्याकडे तोंड करून फोटो काढत. पाळीला पाठ असते, हे त्यांच्यापैकी कुणाच्या ध्यानात येण्यासारखं नव्हतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला तो चार दिवस थांबलाच नाही. तलाव भरला, जादा पाणी सांडव्यावरून नाल्यात जाऊ लागलं. भूषणभाऊंचा फोन आला. पंधरा ऑगस्टला आठही खोल्या भरल्या होत्या आणि काठाला गाळ झाल्यामुळे बोटी पायऱ्यांपर्यंत येत नव्हत्या. सांडवा दोन फूट उंच करून घ्या, त्यांनी सांगितलं. धनीरामनं सांडव्यावर फळ्या आडव्या ठोकल्या आणि त्यांना वाळूच्या पोत्यांचा टेका दिला. चाळीस पोती त्यानं एकट्यानं पाठीवर वाहिली. दोन दिवसांत पाणी पायऱ्यांना लागलं. करुणानं फोटो काढून भूषणभाऊंना पाठवला, त्यांनी उलट अंगठा पाठवला.

तेरा तारखेला सकाळी धनीराम पायथ्याशी गेला तर पाइपातून येणारं पाणी मातकट होतं.

त्यानं ओंजळ धरली. पाणी बोटांतून गळून गेलं आणि तळहातावर बारीक रेती उरली. बाप रोज हेच बघायचा. पाणी किती येतं ते नाही, कोणत्या रंगाचं येतं ते. स्वच्छ येत असेल तर पाळ नुसती पाझरते. गढूळ आलं तर पाळ आतून वाहून जातेय. धनीराम हात तसाच धरून थोडा वेळ उभा राहिला. भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही. हात धुवायला हवा एवढंच त्याच्या मनात आलं.

पाइप ओढून बघितला, तो हलला नाही. त्यानं पाइपात चिंधी कोंबली, वरून चिकणमातीचे गोळे पायानं दाबून बसवले. धार बंद झाली. तो वर जाऊन चहा पिऊन आला, तेवढ्यात तीन पावलं डावीकडे जमिनीतून नवं पाणी फुटलं होतं. त्यात रेती नाचत होती, भात शिजताना खदखदतं तशी.

आणि समोर त्याच्याच बांधीत रोवणी चालली होती.

नऊ बाया ओळीनं वाकल्या होत्या. डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी, लुगडी गुडघ्यांवर खोचलेली, पोटऱ्यांपर्यंत चिखल. डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंडी, उजवा हात चिखलात जातोय, वर येतोय. मधोमध कुंताबाई, तिच्या बाजूला ताराबाई. पाळ त्यांच्यापासून तीस पावलांवर होती, आणि पाळीमागे दोन पुरुष उंचीचं पाणी.

धनीराम धुऱ्यावर जाऊन उभा राहिला. आज रोवणी बंद करा, तो म्हणाला. घरी जा.

“काहून जी?” ताराबाईनं वाकल्या वाकल्या विचारलं.

“पाणी जास्त झालं.”

“बांधीत पाणी जास्त झालं म्हणून रोवणीवाल्या घरी जातेत का?” ताराबाई म्हणाली आणि सगळ्या बाया हसल्या. एकजण म्हणाली, भाऊ चौकीदार झाले ना, आता धानाची शेती विसरले. पुन्हा हसल्या. कारण सांगायचं तर आपल्या पाइपानं पाळ फुटायला आली हे सांगावं लागलं असतं.

कुंताबाई तेवढी हसली नाही. तिनं मान वळवून नवऱ्याच्या हाताकडे बघितलं. कोपरापर्यंत चिकणमाती होती. बांधीतली माती काळी असते, पाळीतली पिवळी. तिला सगळं समजलं. ती उठून निघाली असती तर बाकीच्याही निघाल्या असत्या, पण मग कशासाठी हेही सांगावं लागलं असतं. तिनं हातातली पेंडी सोडली आणि पुढची रोपं लावायला घेतली.

धनीरामनं भूषणभाऊंना फोन लावला. सांडव्यावरची पोती काढतो म्हणाला.

“धनीरामभाऊ, दोन दिवस धकवून घ्या ना. पंधरा झाली की काढा,” भूषणभाऊ म्हणाले.

“पाळीतून माती येऊन रायली जी.”

येतो, ते म्हणाले.

ते अकराच्या सुमारास आले, सोबत रश्मी मॅडम. भूषणभाऊंबरोबर शाळेत होत्या, आता इंजिनिअर, बंधाऱ्यांच्या तपासणीची कामं करणाऱ्या. पायांत गमबूट, हातात लोखंडी सळी. करुणा त्यांच्या डोक्यावर छत्री धरून मागे मागे उतरली. मॅडमनी आधी वर सांडवा बघितला, पोती बघितली. पाळीचा नकाशा आहे का म्हणून विचारलं. नव्हता. आत रेतीचा थर घातलाय का? भूषणभाऊंना माहीत नव्हतं, वडिलांनी बांधली होती. पाळीवर लावलेल्या शोभेच्या झाडांची मुळं कुठपर्यंत गेलीत? तेही माहीत नव्हतं. उत्तरागणिक भूषणभाऊंचा आवाज खाली जात होता. माणूस वाईट नव्हता. त्याला तलाव आवडायचा, पण तलाव म्हणजे पाणी एवढंच तो समजत होता.

पायथ्याशी डबरं बघून ते थांबले. “हे कोणं खोदलं?”

“खेकडे असतील जी,” धनीराम म्हणाला.

तोंडातून गेलं ते गेलं. भूषणभाऊंना ते पटलंसुद्धा. खेकडे पाळ पोखरतात हे त्यांनी वडिलांकडून ऐकलं होतं. त्यांनी मॅडमना तसं सांगितलं आणि सांगताना त्यांचा चेहरा जरा सैल झाला. खेकड्यांवर कुणाचा इलाज चालतो?

मॅडम उकिडव्या बसल्या. रेती नाचत होती तिथे त्यांनी बोट घातलं, मग चिकणमातीचा दाबलेला गोळा बघितला. त्यावर टाचेचा ठसा होता. त्यांनी वर बघितलं. खेकड्याचं बीळ वरवरचं असेल तर पाण्याच्या अंगानं माती टाकून बुजवता येतं, त्या शांतपणे म्हणाल्या. पण आत काही घातलं असेल तर पाणी त्याच्या कडेनं वाट करतं, मग नुसतं बुजवून भागत नाही, तलाव आत्ताच्या आत्ता उतरवावा लागतो.

“आत काही आहे का? पाइप, लाकूड, काहीही? मला खरं सांगा, मामा. त्यावर पुढचं ठरेल.”

करुणा छत्री धरून उभी होती. ती बापाकडे बघत नव्हती, चिखलातल्या आपल्या चपलांकडे बघत होती. स्टोअरची किल्ली तिनं दिली होती. धनीरामला तिघांचं काम दिसत होतं, फाटक दिसत होतं, सकाळी तिघं एका मागोमाग एक त्यातून आत जातात ते दिसत होतं. आणि तीस पावलांवर नऊ पाठी वाकलेल्या दिसत होत्या. त्यातली एक कुंताबाईची. ती त्याच क्षणी सरळ झाली, कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघायला लागली. तिनं मान हलवली नाही, खूण केली नाही, नुसती बघत राहिली.

“पाइप हाय जी,” धनीराम म्हणाला. “पाच हात. मीच ठोकला.”

भूषणभाऊ ओरडले नाहीत. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

“आमचाच पाइप?”

“हो जी.”

“एक वेळा मले सांगाचं तरी, धनीरामभाऊ,” ते म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं असं धनीरामला वाटलं.

पुढचं सगळं मॅडमनी केलं. त्या स्वतः बांधीत उतरल्या आणि बायांना रस्त्याच्या उंचवट्यावर घालवलं. यावेळी काहून म्हणून कुणी विचारलं नाही. गावात फोन गेला, नाल्याकाठची घरं रिकामी झाली. रेती आणि गिट्टीचा ट्रॅक्टर मागवला. आणि सांडवा उघडायला धनीरामला पाठवलं, कारण फळ्या कुठे ठोकल्यात ते त्याला माहीत होतं.

त्यानं एकेक पोतं फावड्यानं फाडलं. रेती वाहून गेली की फळी सुटायची. तिसरी फळी सुटली तेव्हा पाण्यानं बाकीच्या आपल्या आपण नेल्या. दोन फूट जादाचं पाणी एकदम नाल्यात उतरलं, नाल्यात ते मावलं नाही, आणि पहिल्या वळणावर ते काठ सोडून बांधीत घुसलं. पहिली बांधी धनीरामचीच होती.

बाया रस्त्यावरून बघत होत्या. सकाळपासून लावलेली रोपं आधी वाकली, मग सुटली, मग पाण्यावर हिरवी साय धरल्यासारखी ताराबाईच्या शेताकडे सरकत गेली. कुंताबाईच्या हातात अर्धी पेंडी तशीच होती. ती कुणी मागितली नाही आणि तिनंही टाकली नाही.

पायथ्याच्या फुटीवर मॅडमनी मोकळी रेती टाकायला लावली, त्यावर बारीक गिट्टी, त्यावर जाड. धनीराम घमेली वाहत राहिला. पाणी कोंडू नका, येऊ द्या, फक्त माती थांबली पाहिजे, असं त्या परत परत सांगत होत्या. बापही हेच म्हणाला असता. दिवस मावळायच्या आत पाणी स्वच्छ यायला लागलं. पाळ उभी राहिली. एकही माणूस गेला नाही, एकही घर पडलं नाही. पण कुणी धनीरामकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पायथ्याशी पंचनामा झाला. तलाठी खुर्चीवर बसला होता, गुडघ्यावर कागद. ज्यांच्या बांध्या गेल्या त्यांची नावं भरपाईसाठी एका कागदावर, पाइपाचं पाणी ज्यांनी घेतलं त्यांची दुसऱ्या कागदावर, असं त्यानं आधीच सांगून टाकलं. दुसऱ्या कागदावर नाव आलं की पहिल्यावरून जाणार, हे सांगायची त्याला गरज पडली नाही.

एकेकीला विचारलं. एकेकीनं नाही म्हटलं. ताराबाईची वेळ आली तेव्हा तिनं पदर तोंडाशी धरला.

“आमी कायले घेऊ जी? आमाले ठाऊकच नव्हतं.”

तलाठ्यानं धनीरामकडे बघितलं. धनीराम त्या दगडाकडे बघत होता, ज्यावर बसून त्यानं घड्याळ लावून बाऱ्या दिल्या होत्या. तिला खोटं पाडणं त्याच्यानं झालं नाही. कागद पुढे आला, त्यानं सही केली. दुसऱ्या कागदावर एकच नाव होतं.

निघताना भूषणभाऊंनी शिटी, टॉर्च आणि निळाईचं नाव छापलेला रेनकोट परत मागितला. मागताना ते दुसरीकडे बघत होते. करुणाबद्दल ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी ती आपली आपणच घरी आली. सगळी बुकिंगं रद्द झाली, आता लिहायचं काय, म्हणाली. काउंटरखाली ठेवायची तो चपलेचा जुना जोड तिनं पिशवीतून काढला आणि कोपऱ्यात नीट ठेवला. कुंताबाईनं तिला जेवायला वाढलं. किल्लीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी धनीराम सवयीनं काठी घेऊन निघाला. फाटकापाशी गेल्यावर त्याला आठवलं. पंप लावून तलाव निम्म्यावर उतरवला होता, हंस गाळात तिरपे पडले होते. तो परत आला तेव्हा अंगणात पऱ्ह्यांच्या सहा पेंड्या ठेवलेल्या होत्या. ओल्या, नुकत्याच उपटलेल्या.

कुंताबाई त्यांच्याजवळ बसली होती. एका पेंडीचा बंध तिनं बोटानं उचलून बघितला. “ताराबाईचा बंध हाय,” ती म्हणाली. “तिचा असाच उलटा रायते.” ताराबाईचा धुरा उंच, तिची अर्धी बांधी वाचली होती. तेवढ्याला पुरून उरलेले पऱ्हे तिनं आणून टाकले होते आणि हाक न मारता गेली होती.

कुंताबाईनं एक पान तोडून चोळलं. ते मऊ होतं, काळपट हिरवं.

“आपल्या पाण्यावरचे हायेत,” ती म्हणाली.

“आपलं कुटं पाणी होतं,” धनीराम म्हणाला.

त्यांच्या बांधीत वरच्या अंगाला रेती बसली होती, पण खालचा एक पट्टा चिखलाचा उरला होता. रोवणीला एकही बाई येणार नव्हती, कुंताबाईनं कुणाला विचारलंही नाही. तिनं लुगडं खोचलं आणि चिखलात उतरली. धनीराम धुऱ्यावर पेंड्या घेऊन उभा राहिला. पेंड्या पोचवायच्या हे पुरुषाचं काम. रोवणी बायांची. त्या भागात पुरुष रोवणीला वाकत नाही, वाकला तर वर्षभर त्याच्यावर बोलतात.

दोन ओळी झाल्यावर कुंताबाईला कमर सरळ करता येईना. धनीरामनं काठी धुऱ्यात रोवली, धोतर वर खोचलं आणि तिच्या बाजूला जाऊन वाकला. एका वेळी किती रोपं घ्यायची ते त्याला कळत नव्हतं. तिनं त्याच्या बोटांतून दोन काढून घेतली, उरलेली तशीच राहू दिली.

धुऱ्यापलीकडे ताराबाईच्या बांधीत बायांची ओळ होती. त्यांनी एकदा मान वर करून बघितलं. मग पुन्हा वाकल्या. कुणी हसलं नाही.